चाफ्यावरची तीट

"...मग माझीच का फिरत नाही, माय?"

भागूमाय डोळे मिटून सुईत दोरा ओवत होती. तिला डोळे लागतच नाहीत त्या कामाला.

"कोण फिरत नाही?"

"पिशवी माझी! आणखी कोण?"

कौसल्येचा आवाज चढला होता. पूर्णेवरून धुकं मठाच्या ओवरीत शिरत होतं, आणि दोरीवर टांगलेल्या पिशव्या वाऱ्यानं आपोआप फुगत होत्या. आत कुणी काहीतरी ठेवून गेलंय, असं वाटायचं.

ही रीत मायनंच घातलेली. आहेर चकचकीत कागदात गुंडाळायचा आणि दुसऱ्या दिवशी तो कागद नदीत... तिला ते बघवेना. म्हणून आम्ही जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवतो. ज्याला आहेर मिळाला, त्यानं पुढचा आहेर त्याच पिशवीतून द्यायचा. अशी हातोहात फिरून एखादी पिशवी मठाच्या दारी परत आली, की जिनं ती शिवली तिला माय कानात मंत्र देते.

आम्हा सगळ्यांना मिळाला. गजराच्या पिशवीत तांदूळ घाला, वाटेभर चिमण्यांची चैन! तरी तिची आली. माझी तर एका अंगाला कललेली, तीसुद्धा आली. राहिली एकटी कौसल्या. आणि शिवण म्हणाल तर तिच्या नखाची सर आम्हाला नाही. टाका दिसायचा नाही, आणि कोपऱ्यात रेशमाचा चाफा असा, की वास घ्यावासा वाटावा.

"गेले होते मी विचारायला," कौसल्या म्हणाली. "एकीनं कपाटात जपून ठेवलीय. एकीनं भिंतीला लावलीय. म्हणतात, इतकी देखणी पिशवी दुसऱ्याला द्यायला हात धजत नाही."

"आणि आहेर कशात दिला त्यांनी?"

कौसल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

"कशात दिला गं?"

"...कागदात."

मायनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

"लोकांना आवडतं, हा काय माझा गुन्हा झाला?" कौसल्येला रडू फुटलं. "वाकडं शिवू का आता मुद्दाम? तू सांग, शिवते!"

"छे गं. वाकडं कशाला? शीव तुला येईल तसं. चांगलंच शीव."

मग कौसल्येनं जी शिवली... काय सांगू! पिकल्या लिंबाच्या रंगाचं, धुऊन धुऊन साय झालेलं लुगडं. ती शिवत होती तेव्हा ओवरीत कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नाही. मला तर बसल्या बसल्या झोप आल्यासारखं झालं, चांगली झोप, लहानपणची.

सकाळी तिनं पिशवी मायच्या मांडीवर ठेवली. मायनं ती उलटसुलट पाहिली. गालाला लावली.

मग काजळाची डबी उघडली, बोट बुडवलं आणि नेमकं चाफ्यावर टेकवलं.

"माय!"

कौसल्या अशी ओरडली की झाडावरचे बगळे उठले. तिनं पदरानं पुसायला घेतलं, तर काळं आणखीच पसरलं.

"अगं, काय केलंस हे? का केलंस?"

"तीट लावली."

"पिशवीला?"

"देखण्या लेकराला लावत नाही का आपण? घराबाहेर काढताना?"

कौसल्येनं तोंड फिरवलं. खांबाला टेकून हमसून हमसून रडली. मलाही मायचा राग आला, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात नावेतून उतरून पल्याडची द्वारका आली. बहिणीच्या बाळाचं बारसं होतं, झबलं-टोपडं न्यायला पिशवी हवी होती. दोरीवरच्या सगळ्या चाचपून झाल्या. मग मायच्या मांडीकडे तिची नजर गेली.

"अगं बाई! ही तर घरीच ठेवून घ्यावी अशी." तिनं पिशवी उजेडात धरली आणि हसली. "पण हिला तीट लागलीय की! म्हणजे ही लेकराकडेच निघालेली. हीच द्या."

झबलं आत गेलं. नाडी ओढली गेली. कौसल्या डोळे पुसत घाटाच्या पायरीपर्यंत मागे मागे गेली. नाव सुटली, धुक्यात शिरली. पिवळा रंग काही वेळ दिसत होता, मग तोही दिसेना.

ती तिथंच उभी राहिली. माय काठी टेकत तिच्याजवळ गेली.

"माय..." कौसल्या नदीकडेच बघत होती. "येईल ना गं ती परत?"

मायनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आली... तर ‘माझी’ म्हणून ओळखू नकोस."