अस्वलाचा वेल्डिंग संच

जनावरांना सभा भरवण्याची नुकतीच सवय लागली होती, त्या काळची ही गोष्ट. म्हाताऱ्या अस्वलाने मरताना आपला जुनाट वेल्डिंग संच आपल्या मित्राला, मुंगसाला दिला. "वापरत राहा रे बाबा, नाहीतर गंजेल," एवढेच ते म्हणाले.

वस्तीच्या लोखंडी फाटकाची बिजागरी तुटली होती आणि बाहेर बिबट्या हिंडत होता. मुंगूस संच घेऊन निघाले, तोच माकडाने अडवले.

"अहो, अस्वलदादांची आठवण आहे ती! दसऱ्याला हत्यारांची पूजा करतो, त्या दिवशी ती वापरतो का आपण?"

"आज कुठे दसरा आहे?"

"दादांसाठी रोजच दसरा!"

सभेने टाळ्या वाजवल्या. संचाला हळदकुंकू लागले, झेंडूचा हार पडला.

थोड्याच दिवसांत बिबट्या फाटकाशी येऊन हात जोडून उभा राहिला. "फार पवित्र वस्तू," तो गहिवरून म्हणाला. "वापरून बाटवू नका हं. मी सहकुटुंब दर्शनाला येतो."

"किती भाविक!" माकड म्हणाले.

ससा कुजबुजला, "मुंगूसभाऊ, तो माझ्याकडे बघून गहिवरलाय."

बिबट्या कुटुंबाला आणायला वळताच मुंगसाने हार काढला, अस्वलाचा काळ्या काचेचा मुखवटा चढवला आणि ठिणग्या उडवत बिजागरी जोडून टाकली.

बिबट्या सहकुटुंब परतला, तर फाटक बंद. आमच्या भावना दुखावल्या, असा त्याने बाहेरून आक्रोश केला. माकडालाही ते पटले. मुंगसाच्या निषेधाची सभा लगेच भरली आणि ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. फक्त सभा सुरू होण्यापूर्वी माकडाने फाटकाची कडी दोनदा ओढून पाहिली.