कादंबरी खोटी ठरवायची कशी?

महाविद्यालयाच्या ग्रंथपाल रोहिणी केळसकर दर रविवारी तीसेक वाचकांना ऑनलाइन जमवून एका जुलमी राज्याची कादंबरी वाचत. संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब हुलवळे यांनी त्या कादंबरीवर बंदी घातली, तरी वाचन थांबेना. मग एका रविवारी अण्णासाहेबच फेटा बांधून पडद्यावर अवतरले.

"बाई, ही कादंबरी धादांत खोटी आहे! असला सत्ताधीश कुठे असतो का? वाचन बंद करा, नाहीतर उद्या राजीनामा घेऊन या."

रोहिणीबाईंच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. पण तीस चेहरे त्यांच्याकडेच बघत होते.

"साहेब, ती खोटी ठरावी असं मलाही वाटतं," त्या म्हणाल्या. "पण अडचण अशी की यातला सत्ताधीश पहिल्याच प्रकरणात नावडत्या पुस्तकांवर बंदी घालतो आणि वाचणाऱ्यांना कामावरून काढतो. तुम्हीही तेच केलंत तर कादंबरी खरी ठरेल. तिला खोटी पाडणं आता फक्त तुमच्याच हातात आहे."

कोणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. अण्णासाहेबांनी घसा खाकरला.

"बंदी उठवली!" ते गरजले. "खोटीच आहे ती!"

बाईंनी खणखणीत आवाजात दुसरं प्रकरण वाचायला घेतलं.