निळ्या जास्वंदीची बाग

झाडांना माणसांशी भांडता यायचं त्या काळची गोष्ट. गणोबा माळ्याने जास्वंदींचा संकर करून शेकडो रोपं वाढवली आणि त्यांतलं एकच निळं फुललं.

"गणोबा, या लाल-पिवळ्या गबाळ्या कशाला पोसतोस?" निळी म्हणाली. "उपट त्यांना. बागेत फक्त मीच हवी."

गणोबाच्याही मनात तेच होतं. त्याने बाकीची रोपं उपटून जाळली आणि निळीच्याच फांद्या छाटून वाफ्यावाफ्यात लावल्या. वर्षभरात बाग निळीशार झाली.

एका दुपारी निळीने कौतुकाने हाक मारली, "कोण गं तिकडे?"

"कोण गं तिकडे?" साऱ्या बागेतून तिचाच आवाज आला.

"चेष्टा पुरे. नावं सांगा."

"मी निळी," शंभर जणी एका दमात म्हणाल्या. वारा नव्हता, तरी सगळ्या एकाच बाजूला झुकल्या होत्या. निळीने पाहिलं, तीही तशीच झुकली होती.

तेवढ्यात कुंपणाकडची एक जण पांढरी पडून वाळली. मग तिच्या शेजारची वाळली, मग पुढची. एकेक वाफा संपवत, झाडांचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण निळीच्या बुंध्याशी पोचला.

"मला तोंड लावू नकोस," ती म्हणाली. "मी कडू आहे."

"कडू होत्या त्या जळाल्या," ढेकूण वर चढत अदबीने म्हणाला. "तुम्हांला तर ताई, मी सकाळपासून खातोय."