ओस्त्रोविनची बिनकवाडांची वेस

पोलंडमध्ये झोल्ना नदीच्या वळणावर ओस्त्रोविन नावाचे मध्यम आकाराचे शहर आहे. चौकात मनोऱ्याचे नगरभवन, त्याच्या भोवती कमानींखालची दुकाने, एका अंगाला लाल विटांचे उंच चर्च आणि पलीकडे बंद पडलेल्या कापडगिरण्यांची धुराडी. जुन्या तटबंदीपैकी आता फक्त दक्षिणेची वेस उभी आहे. तिच्या कमानीखालून ट्राम जाते. वेशीच्या दोन्ही बाजूंना मनगटाएवढ्या जाड लोखंडी बिजागऱ्या आहेत, पण त्यांवर कवाडे नाहीत.

कवाडे युद्धात जळाली असावीत, असे पाहुण्यांना हटकून वाटते. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले झेनोन आजोबा हल्ली हौसेने शहर दाखवतात. ते शांतपणे नकारार्थी मान हलवतात. "युद्धाने आमचे पुष्कळ नेले. कवाडे आम्हीच उतरवली," असे म्हणून ते ट्राम निघून जाईपर्यंत थांबतात आणि मग क्लेमेन्स वेसकराची हकीकत सांगू लागतात.

हकीकतीचा काळ निश्चित नाही. परकी फौज मुलूख लुटून गेली आणि तिच्या मागोमाग महामारी आली, एवढेच सगळे कथेकरी सांगतात. खेडी ओस पडू लागली तेव्हा ओस्त्रोविनच्या नगरपरिषदेने वेशी दिवसासुद्धा बंद ठेवल्या आणि एक नियम केला. बाहेरून आलेल्याने वेशीपाशी उभे राहून आपले नाव पुकारायचे. आतल्या एखाद्या नागरिकाने त्याला ओ दिली, तरच कवाड उघडायचे. ओ देणाऱ्याने पाहुण्याला स्वतःच्या घरी न्यायचे आणि मग त्या घराच्या दारावर चुन्याची फुली मारून परिषद ते बाहेरून बंद करी. आतली माणसे जगली तर थंडी सरल्यावर बाहेर येत. अशा नियमात क्रौर्य आणि विवेक यांची सरमिसळ असते. ओस्त्रोविनच्या लोकांना त्यात विवेकच अधिक दिसत होता, कारण शेजारची दोन गावे तोवर संपली होती.

एकाच माणसाला ओ देण्याची मुभा नव्हती. तो माणूस म्हणजे वेसकर. किल्ली बंद घरात अडकून पडली तर शहराची वेस कोण राखणार, असा त्यामागचा विचार होता.

क्लेमेन्सच्या कमरेला ती किल्ली त्याच्या तरुणपणापासून होती. तो झोपतानाही ती काढीत नसे. त्याची बायको हयात असताना चेष्टेने म्हणायची, म्हणे, की लग्न माझ्याशी लागले खरे, पण संसार त्या लोखंडाशी चालला आहे. माणूस कठोर नव्हता, पण नियम इकडचा तिकडे होऊ देणारा नव्हता. त्या शरद ऋतूत पिंपे बनवणाऱ्या हिपोलितचा भाऊ वेशीशी आला, तेव्हा हिपोलित लाकूड आणायला रानात गेलेला होता. त्याची बायको धावत आली आणि ओ देते म्हणाली. नागरिक म्हणून नाव नवऱ्याचे आहे, असे सांगून क्लेमेन्सने कवाड उघडले नाही. भाऊ परत फिरला. पुढे त्याचे काय झाले ते कुणाला कळले नाही.

मग नाताळची पूर्वसंध्या आली. त्या दिवशी पोलिश घरांत दिवसभर उपास असतो आणि आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसतात. मेजावर एक ताट जास्तीचे मांडतात. अवचित कुणी दारी आले तर त्याला जागा असावी, असा त्याचा अर्थ लोक सांगतात. हे ताट मुळात घरच्या मृतांसाठी असावे, असे अभ्यासकांना वाटते. ओस्त्रोविनच्या आख्यायिकेत हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले आहेत.

दुपार कलल्यावर वेशीबाहेर नाव पुकारले गेले. क्लेमेन्सने झरोक्यातून पाहिले. नदीपलीकडच्या गावी दिलेली त्याची एकुलती एक मुलगी, ऊर्शुला, बर्फात उभी होती. नवऱ्याला आणि सासूला स्वतःच्या हातांनी पुरून ती चालत आली होती. तिला ताप नव्हता, अंगावर महामारीची गाठ नव्हती. हे तिने न विचारताच सांगितले.

"बाबा, असे काय बघता? ओळखले नाही का?"

"ओळखले. थांब जरा. कुणीतरी ओ देईल."

"देतील की. या गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाके मी पुसली आहेत," असे म्हणून ती हसली, असे सांगतात.

क्लेमेन्स वेशीला लागून असलेल्या गल्लीत शिरला. पहिलेच घर हिपोलितचे. आत माशाच्या कालवणाचा वास होता, मेजावर पांढरे कापड होते आणि कोपऱ्यात ते जास्तीचे ताट होते. हिपोलितने त्याला उंबऱ्यावरच थांबवले. "माझ्या भावाच्या वेळी नियम तूच शिकवलास," तो म्हणाला, "आता मला का मोडायला लावतोस?" क्लेमेन्स म्हणाला की नियम मोडायचा नाही, पाळायचाच आहे, नुसती ओ द्यायची आहे. हिपोलितने आपल्या तीन मुलांकडे बोट दाखवले आणि दार लावून घेतले.

पुढच्या घरी सून बाळंतीण होती. त्याच्या पुढच्या घरातला म्हातारा म्हणाला की मी एकटा असतो तर आलो असतो. एकाने सांगितले की पलीकडचा देईल, त्याचे घर मोठे आहे, आणि पलीकडच्याने अलीकडच्याचे नाव घेतले. कुणी वाईट बोलले नाही. प्रत्येकाचे कारण खरे होते. आणि प्रत्येक घरात ते ताट मांडलेले होते. क्लेमेन्सची नजर त्यावर गेली की घरधनी खाली पाहत असे.

गल्लीच्या टोकाला लोहाराची विधवा दोरोता राहत होती. तिने नवऱ्यामागे नागरिकत्व राखले नव्हते, त्यामुळे तिची ओ चालणार नव्हती. तिने हे आधीच सांगून टाकले. मग तिची नजर त्याच्या कमरेकडे गेली.

"तू दारोदार कशाला हिंडतो आहेस?" ती म्हणाली. "ती किल्ली ठेव ना खाली. तुझीच मुलगी आहे, तूच दे ओ."

या हकीकतीचा खरा घाव इथे आहे. हे क्लेमेन्सला सुचलेच नव्हते. परिषदेच्या मेजावर किल्ली ठेवून वेसकरी सोडली असती तर तो इतरांसारखाच नागरिक होता, आणि त्याला कुणी अडवले नसते. पण किल्लीवाचून आपण कुणी आहोत, हा विचारच त्याच्या मनात इतक्या वर्षांत उगवला नव्हता. तो नगरभवनाकडे धावला. नगराध्यक्ष घरी जेवणाची वाट पाहत होते. त्यांना बोलावून आणण्यात, त्यांनी कारण विचारण्यात आणि अखेर किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊन त्याला वेशीपर्यंत नेण्यात उजेड गेला.

कवाड उघडले तेव्हा बाहेर पावलांचे ठसे तेवढे होते. ते नदीकडे वळले होते. क्लेमेन्सने कमानीत उभे राहून मोठ्याने ओ दिली. पुन्हा दिली. गल्लीतल्या घरांत ती ऐकू गेली आणि कुणालाही जेवण सुरू करता आले नाही.

ऊर्शुला नावाड्याच्या रिकाम्या खोपटाला टेकून बसलेली सापडली. थंडीने गेली होती. अंगावर गाठ नव्हती. काही कथेकरी सांगतात की ती सापडलीच नाही, ठसे गोठलेल्या नदीच्या मध्यावर संपले. झेनोन आजोबा दोन्ही शेवट सांगतात आणि आपण कोणता खरा मानतो ते सांगत नाहीत.

क्लेमेन्सने किल्ली परत घेतली नाही. परिषदेने ती दुसऱ्याला देऊ केली, मग तिसऱ्याला. हिपोलितलाही विचारले. त्याने हात मागे घेतले. शहरात किल्ली घेणारा माणूस उरला नाही, त्यामुळे वेस उघडीच राहिली. बर्फ वितळल्यावर लोकांनी कवाडे बिजागऱ्यांवरून उतरवली आणि त्यांच्या फळ्या नदीवरच्या पुलाला घातल्या.

चमत्काराच्या कथेत इथे महामारी शहराला वळसा घालून गेली असती. ही आख्यायिका तसे म्हणत नाही. उघड्या वेशीतून महामारी आत आली, हिपोलितची दोन मुले गेली, क्लेमेन्सही गेला. तरीही कवाडे पुन्हा बसवावीत असा ठराव परिषदेपुढे कधी आला नाही, असे सांगतात. लोकांनी स्वतःला शिक्षा दिली की दयेची किंमत मोजली, हे ठरवणे अभ्यासकांच्या हाती नाही.

आजही नाताळच्या पूर्वसंध्येला, चांदणी दिसण्याआधी, ओस्त्रोविनची ट्राम थोडा वेळ थांबवतात. नगराध्यक्षांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे वेशीच्या आतल्या बाजूला जमतात. एक बाई बाहेर जाऊन ऊर्शुलाचे नाव पुकारते आणि सारे शहर एका आवाजात ओ देते.  आत यायला एका माणसाला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ ते कमानीकडे पाहत उभे राहतात. कुणी येत नाही. मग सगळे जेवायला घरी जातात.