घाणेरीचं धोंड्याचं जेवण

“झुडपाला विळा लावायचा नाही, आणि सुगीला धान्य कमी पडलं तर जमिनी जप्त!” महाराजांनी हुकूम सोडला आणि आम्ही गावकऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलावण्यात आमचा हात धरणारं कोणी नाही.

झुडूप होतं घाणेरीचं. परमुलखातून कुणीतरी महाराजांना नजर केलेलं. रंगीत फुलं पाहून महाराज इतके खूश झाले की म्हणाले, “हा आमचा जावईच समजा!” आम्हीही कमी शहाणे नव्हतो. आपल्या हातांनी बांधाबांधावर रोपं लावली, वर नारळ फोडला! दोन पावसाळ्यांत जावईबापूंनी बांध ओलांडून शेतात बैठक मारली. शेळी तोंड लावीना, बैल आत शिरेना.

पेरणी तोंडावर आली तेव्हा आम्ही चावडीवर जमून खूप विचार केला. झुडपालाच हात जोडून विनंती करावी, असं एकानं सुचवलं. आम्हाला ते पटलंसुद्धा!

कोंडीबाची लेक साळू हे ऐकत होती. तिचंही रान घाणेरीनं गिळलं होतं. कपाळावर हात मारून ती म्हणाली, “अवो, यंदा अधिक महिना हाय. अधिकात जावई कुठं जातो?”

“सासुरवाडीला, धोंड्याच्या जेवणाला!” एवढं तरी आम्हाला येत होतं.

“मग उचला की कुदळी!”

दुसऱ्या दिवशी हलगी-सनई वाजवत आमच्या गाड्या राजवाड्यात शिरल्या. अंगण घाणेरीनं भरून गेलं.

“हे काय?” महाराज ओरडले.

“जावईबापू आल्यात, महाराज!” साळू म्हणाली. “विळा लावला नाय. मुळासकट, मातीसकट आणलंय. आता सासऱ्यानं जेवू घालावं.”

“एवढे?”

“भाऊबंद घेऊन आल्यात. मागच्या गाड्या अजून वेशीत हायेत!”

महाराज मागे सरले, तर उपरणं काट्यात अडकून फाटलं. “आणि हा वास कसला?”

“जावयाचाच! आमी रोज घेतोय.”

“घेऊन जा परत! तुमच्याच रानात राहू दे त्याला!”

“जावई तुमचा, आन् घरजावई आमच्या रानात?” साळूनं कमरेवर हात ठेवले. “आन् महाराज, आपल्याला लेक तरी कुठं हाय? लेकीबिगर जावई आला कुठनं?”

आम्ही हळूच गाड्यांच्या मागे सरकलो. महाराजांनी एकदा घाणेरीकडे पाहिलं, एकदा फाटक्या उपरण्याकडे, आणि पोट धरून हसत सुटले.

“खरंच की! लेक नसताना सासरा होऊन बसलेला शहाणा मीच! मोडली सोयरीक! चालवा कुदळी, आणि पहिली माझ्या बागेत चालवा!”

साळूला लुगडं-चोळीचा आहेर झाला, तिच्या रानाचा सारा कायमचा माफ झाला. धोंड्याचं जेवणही महाराजांनी घातलंच. जावयाच्या पाटावर साळूला बसवलं, आणि भाऊबंद म्हणून आम्ही सगळे पंगतीला होतोच. तिथे मात्र कुणाला काही सुचवावं लागलं नाही!