महिपती टेम्पोत बसत नाही

एका गावात एक भोळा सायकलवाला होता. महिपती त्याचं नाव. सकाळी उठून आधी सायकल पुसायचा, मग त्याच फडक्यानं स्वतःचं तोंड. मनानं निर्मळ, पण कुणी काही सांगितलं की ते अक्षर न् अक्षर करणारा.

एकदा तालुक्याहून समुद्रापर्यंत तीन दिवसांची सायकल टूर निघाली. वीस सायकली पुढे, सामानाचा टेम्पो मागे. सगळा कारभार कुंदाताईंचा, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा नियम असा, की सगळी वाट सायकलवर येईल त्याला पितळी बिल्ला. टेम्पोत बसला त्याला काही नाही. महिपतीनं गावात सांगून ठेवलं होतं, बिल्ला लावूनच येतो. गावानं हारसुद्धा घालून टाकला. आता रिकाम्या छातीनं परत जायची सोय उरली नव्हती.

ताई म्हणाल्या, "महिपती, तू नवा आहेस. पुढच्याची पाठ सोडू नकोस."

पुढे होते बँकेतले पाटणकर. तासाभरानं पाटणकरांनी सायकल लावली आणि घाईघाईनं झुडपामागे गेले. महिपतीही गेला. पाटणकर आणखी आत गेले. महिपतीही आणखी आत गेला. शेवटी पाटणकर तसेच बाहेर आले आणि पुढचा सगळा घाट फार कष्टानं चढले.

"अरे शहाण्या," ताई म्हणाल्या, "पुढचा रस्ता सोडून गेला, तर आपण रस्त्यावरच उभं राहायचं. तो येईपर्यंत हलायचं नाही."

"बरं ताई."

दुपारी पाटणकर रस्ता सोडून खानावळीत शिरले. सगळेच शिरले. महिपती डांबरावर उभा राहिला. आत पिठलं झालं, भाकरी झाली, ताक झालं, पाटणकरांची एक डुलकीही झाली. बाहेर येऊन बघतात तर महिपती चुलीतल्या वांग्यासारखा भाजून निघालेला.

"अरे, सगळे थांबले की सायकल लावायची, आत जायचं, बसायचं आणि पुढ्यात असेल ते खायचं," ताई म्हणाल्या. "एवढंही सांगावं लागतं का?"

"आता सांगितलं न्हवं ताई. करतो."

दुसऱ्या दिवशी रेल्वेचं फाटक लागलं. बंद होतं. सगळे थांबले. महिपतीनं सायकल लावली, गेटमनच्या खोलीत गेला आणि बसला. पुढ्यात गेटमनचा डबा होता. गाडी गेली, फाटक उघडलं, टूर पुढे निघून गेली. गेटमन झेंडा गुंडाळून आत आला, तेव्हा डब्यात अर्धी भाकरी उरली होती.

"कोण रे तू?"

"टूरवाला. मीठ हाय का?"

ताईंना सहा किलोमीटर मागे यावं लागलं. गेटमनची समजूत घालून, त्याला स्वतःचा डबा देऊन त्या महिपतीकडे वळल्या. "आता एक चूक झाली तर टेम्पोत बसवीन."

महिपतीचे डोळे भरून आले. "टेम्पो नको ताई. गावात तोंड कसं दाखवू? सांगाल तेवढंच करतो."

ताईंना वाईट वाटलं. म्हणाल्या, "मग ऐक. कुणी मागे राहिलं की हे असं होतं. उद्या तू सगळ्यात शेवटी, टेम्पोच्या पुढे. कडेला थांबलेला सायकलवाला दिसला की त्याला टेम्पोत घ्यायचं. तो म्हणेल मी दमलो नाही. लोक लाजतात. आपण ऐकायचं नाही." टेम्पोवाल्या सर्जेरावालाही त्यांनी बजावलं, महिपती सांगेल त्याला उचल.

तिसऱ्या दिवशी टूरमधलं कुणीच दमलं नाही. पण पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून एक पोस्टमन उभा होता.

"चला, बसा."

"मी दमलो नाही. पत्ता वाचतोय."

"लाजू नका," महिपती म्हणाला. सर्जेरावानं एका बाजूनं धरलं, यानं दुसऱ्या बाजूनं, आणि पोस्टमन सायकलीसकट वर गेला.

पुढे एका दारात पाववाला पाव मोजत होता. "अहो, मी धंदा करतोय."

"समदे असंच कायतरी म्हनत्यात," महिपती म्हणाला.

मग सायकलवरचा गोळेवाला सापडला. मग सायकलची चेन बसवत असलेले एका शाळेचे मुख्याध्यापक. दुपारपर्यंत चौदा झाले.

इकडे एकोणीस जण समुद्रावर पोचले होते. अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात मनसोक्त डुंबून आता वाऱ्यावर काकडत टेम्पोची वाट बघत होते. एवढ्यात महिपती आला. मागून टेम्पो आला. सर्जेरावानं फळी पाडली.

"एकबी मागं ठेवला न्हाय ताई," महिपती म्हणाला.

ताईंनी आत पाहिलं. पोस्टमनच्या मांडीवर मुख्याध्यापक बसले होते. त्यांनी टेम्पोकडे बोट केलं. "महिपती, चढ आत."

महिपतीनं वाकून नीट पाहिलं. "चढलो असतो ताई. पन जागाच न्हाय."

जागा खरंच नव्हती. आणि सगळी वाट तो सायकलवरच आला होता. नियम ताईंचाच, त्यामुळे त्यांनी मुकाट्यानं बिल्ला काढून त्याच्या छातीला लावला.

पाटणकर दात वाजवत पुढे आले. "ते राहू द्या. आमच्या बॅगा कुठायत? टॉवेल, कपडे?"

"त्या मागच्या फाट्यावर उतरवल्या," महिपती म्हणाला. "त्या कुठं दमल्या हुत्या?"