बारवेला चार गुण

“…पण मुळात भीती जाते कशानं, तेवढंच सांगा ना बाबा.”

आल्यापासून त्यानं हे तिसऱ्यांदा विचारलं. पायातले बूटसुद्धा काढले नव्हते. मी काढायला लावले.

“बस,” बाबा म्हणाले.

तो बसला नाही. शार्दूल पोंक्षे त्याचं नाव, पुण्याहून आला होता, वय तिशीच्या आसपास. आमच्या मठात दर गुरुवारी धसका घेतलेली माणसं येतात, बाबा त्यांना अंगारा लावतात. त्या दिवशीही पंधरावीस जण चिंचेखाली थांबले होते. हा मात्र सगळ्यांना ओलांडून थेट ओट्यावर. म्हणे सहाच्या आत काम व्हायला हवं. तेव्हा पाच वाजत आले होते.

मी गेनू. बावीस वर्षं इथं चहा करतो, झाडलोट करतो आणि आलेल्यांना दौलतगिरी बाबांची माहिती देतो. ऐन तिशीत बाबा भुयारात उतरले, बारा वर्षं तळाशी एकटे बसले आणि भीती पार गिळून वर आले, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. निम्म्या तालुक्याला मीच सांगितलंय.

बाबांनी त्याला विचारलं, तू करतोस काय.

तो व्हिडिओ गेमवर लिहितो. गेम बाजारात येण्याआधी बनवणारे त्याला पाठवतात. तो खेळतो, मत लिहितो आणि शेवटी दहापैकी गुण देतो. भीतीच्या गेममध्ये त्याचा शब्द शेवटचा मानतात. दोन लाख लोक त्याचं वाचतात, कारण तो कधीच घाबरत नाही. हे सांगताना त्याची मान ताठ झाली. मला रागच आला त्याचा.

“आणि आता?”

आता एक गेम आला होता, ‘बारव’ नावाचा. मिरजेच्या तबस्सुम अत्तार नावाच्या बाईनं दोन मैत्रिणींना घेऊन सहा वर्षं खपून केलेला. हरवलेल्या बहिणीला शोधत एक मुलगी जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरते. खाली काळं पाणी. पाण्याजवळून कुणी तरी हळू आवाजात तिच्याशी बोलत असतं. एवढंच.

“किती दिलेस?”

“चार.”

“वाईट आहे?”

तो आता खाली बसला.

“अर्ध्या पायऱ्या उतरलो,” तो म्हणाला, “आणि हेडफोन काढून ठेवले.”

“का?”

“…तो आवाज मानेपाशी यायला लागला.”

मग त्यानं आवाज बंद केला. खोलीतले सगळे दिवे लावले. दार उघडं टाकलं. तरी पुढची पायरी उतरवेना, तेव्हा गेमच बंद केला आणि लिहून टाकलं, भीती वाटत नाही, रटाळ आहे, चार गुण. ज्या गेमचा सगळा जीव आवाजात, तो यानं मुका करून तपासला होता. या गोष्टीला तीन दिवस झाले. तीन दिवसांत त्याला नळ सोडायची हिंमत झाली नव्हती. पाण्याचा आवाज आला की हातपाय गार पडत. आंघोळ झालेली नाही, हे माझ्या नाकाला आधीच कळलं होतं.

सगळ्या लिहिणाऱ्यांनी मतं आज सहालाच छापायची, त्याआधी नाही, अशी बनवणाऱ्यांची अट असते, तो म्हणाला. त्याचं लिहून तयार होतं. सहाला आपोआप जाणार होतं.

“मग माझ्याकडे कशाला आलास?”

“सहाच्या आत भीती काढून द्या,” तो म्हणाला. “म्हणजे मी लिहिलंय ते खरं होईल.”

मी बाबांकडं पाहिलं. असलं मागणं बावीस वर्षांत कुणी मागितलं नव्हतं.

“चार गेले तर त्या बाईचं काय होईल?”

“माझा आकडा बघून लोक घेणार नाहीत. दोनतीन दिवसांत गेम मरेल. सहा वर्षं पाण्यात.”

“आणि घाबरलो म्हणून लिहिलंस तर?”

“मग मी मरेन. न घाबरणारा म्हणूनच मला ओळखतात, बाबा. माझ्याकडे दुसरं काहीच नाही.”

बाबांनी समाधीमागच्या भुयाराकडं बोट दाखवलं. खाली जा, म्हणाले, आणि तुझं मत तयार होईपर्यंत बस.

त्याचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, हाच उपाय. मी त्याचा मोबाईल काढून घेतला, खाली उजेड न्यायचा नाही असा इथला नियम आहे.

भुयाराचं दार कमरेएवढं. आत दगडात खोदलेल्या पायऱ्या. पाचव्या पायरीला वळण आहे, तिथं उजेड संपतो. मी चौथीपर्यंत झाडतो. पाचवीवर मी आजवर केरसुणी टेकवलेली नाही, आणि का नाही ते मला कुणी विचारू नये.

तो वाकून आत गेला. पावलं ऐकू येत होती. एक, दोन… मग वळणापलीकडची, मंद. मग थांबली.

चिंचेखालचे लोक बोलायचे थांबले. वारा पडलेला. मी दाराशी उभा होतो आणि मला तिथं उभं राहायचं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खालून त्याचा आवाज आला, अगदी साधा, दार वाजल्यावर आतून विचारावं तसा.

“कोण आहे?”

खाली तो एकटाच होता.

“…कोण?”

या वेळी आवाज बारीक होता. चिंचेखाली एका बाईनं पोरीला पदराखाली ओढलं. मी बाबांना म्हणालो, हाक मारू का त्याला. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. त्यांचे डोळे दारावर खिळले होते, आणि खोटं कशाला सांगू, त्या डोळ्यांत मला जे दिसलं ते ओळखीचं होतं.

मग पायऱ्यांवर धडपड झाली. तो हातापायांवर रांगत बाहेर आला. सदरा घामानं पाठीला चिकटलेला, एका बोटाचं नख उलटलेलं. उजेडात आल्यावर उठून उभा राहिला. गुडघे झटकले, तोंड पुसलं, केस सारखे केले.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “अंधार आहे. बाकी विशेष काही नाही.”

मी चहा दिला. कपबशी त्याच्या हातात अशी खडखडायला लागली की त्याला ती खाली ठेवावी लागली.

“किती?” बाबांनी विचारलं.

“…चार.”

कुणी हसलं नाही. मला तर धडकीच भरली. तो इतका सरळ बोलला, की खालची हाक कानांनी ऐकली नसती तर माझा त्याच्यावर विश्वास बसला असता.

बाबा काठी टेकत उठले. अठ्ठ्याहत्तर वय. हळूहळू भुयारापर्यंत गेले, चौकट धरून वाकले, एक पाय आतल्या पायरीवर ठेवला. त्यांनी पाय मागं घेतला आणि चिंचेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“मी नवव्या पायरीपर्यंत गेलोय. एकदाच. खाली कुणी तरी श्वास घेत होतं. पळत वर आलो, परत उतरलो नाही. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. अजून भीती वाटते.”

मी पुढं झालो.

“बाबा, ती बारा वर्षं…”

“ती तू सांगतोस, गेनू.”

“तुम्ही कधी अडवलं नाहीत.”

“ऐकायला गोड लागायचं,” बाबा म्हणाले.

मी ओट्यावर बसलो. मला रडू आलं, रागही आला. बावीस वर्षं मी तोंड भरभरून सांगत आलो होतो, आणि एकदाही ती पाचवी पायरी उतरून पाहिली नव्हती.

चिंचेखाली एका म्हातारीनं पुढं काढलेला नारळ परत पिशवीत घातला. सुनेचा हात धरला आणि वाटेला लागली. तिच्यामागून दोघं भाऊ उठले. मग बाकीचे. पाया पडायलाही कुणी आलं नाही.

शार्दूल त्यांच्याकडं पाहत राहिला. मग बाबांकडं.

“हे कशाला सांगितलंत?”

पावणेसहा होऊन गेले होते. त्यानं माझ्याकडं मोबाईल मागितला.

मठात रेंज येत नाही, झेंड्याच्या कट्ट्यावर तेवढी येते. तो तिकडं धावला. बाबा काठी टेकत त्याच्यामागं गेले, मीही गेलो. त्यानं ते लिखाण उघडलं. अंगठा चारच्या आकड्यावर धरून म्हणाला, “दहा करू का?”

“तळाला काय आहे, पाहिलंस?”

“नाही.”

“मग दहा कशाचे?”

“…मग लिहू काय, बाबा?”

“कुठून पळालास, ती पायरी लिही.”

तो कट्ट्यावर बसला. उलटलेल्या नखाचं बोट वर धरून बाकीच्या बोटांनी टाइप करत राहिला. लिहून झाल्यावर त्यानं आम्हाला वाचून दाखवलं. “तेविसाव्या पायरीवर मी हेडफोन काढले. पुढं आवाज बंद करून, दिवे लावून पाहिलं, तरी उतरू शकलो नाही. तीन दिवस मी नळ सोडलेला नाही. खाली काय आहे ते मला माहीत नाही, माझ्यात तेवढी हिंमत नाही.” चार खोडून त्यानं दुसरा आकडा घातला. माझा चष्मा चुलीपाशी राहिला होता, तो आकडा मला दिसला नाही.

सहाला चार मिनिटं होती. आता बदल कायम करायचं एकच बटण दाबायचं होतं, नाहीतर सहाला जुनंच गेलं असतं. त्याचा अंगठा वरच्या वर थांबला.

“हे गेलं, की उद्यापासून मला कोण विचारणार, बाबा?”

बाबांनी चिंचेकडं पाहिलं. तिथं कुणीही उरलं नव्हतं. 

“…बघू,” ते म्हणाले. “मलाही उद्याच कळणार आहे.”